गुरुवारचा खेळाडू

पिवळी जाळीदार बंडी डोक्यातून खाली ओढता ओढता एर्मेसने विचारलं,

"आज मी कोण?"

"क्रोएशियाचा," मिस्टर पेगोरारो म्हणाले. "उंच, डावखुरा, भांडकुदळ. क्लिपा बघितल्यास ना?"

"बघितल्या. सारखा नाक पुसतो तो."

"नाकाचं राहू दे. पायांचं सांग."

"तेच सांगतोय, मिस्टर. नाक पुसलं की समजायचं, आता हा मागे येऊन चेंडू मागणार. पुसलं नाही तर सरळ गोलकडे पळणार."

पेगोरारो क्लबच्या दुसऱ्या फळीचे प्रशिक्षक; इटलीत प्रशिक्षकाला मिस्टरच म्हणतात. त्या क्रोएशियन माणसाची प्रत्येक क्लिप त्यांनीही पाहिली होती. नाक काही त्यांना दिसलं नव्हतं.

दर गुरुवारी हे असं चालायचं. वाल्ब्रेंता क्लबचा पहिला संघ रविवारी ज्यांच्याशी भिडणार, त्यांचं सोंग गुरुवारी क्लबच्या दुसऱ्या फळीने घ्यायचं. पिवळ्या बंड्या चढवायच्या, त्यांच्यासारखं उभं राहायचं, त्यांच्यासारखं पळायचं आणि मोठ्यांना रविवारची सवय करून द्यायची. बाकीची पोरं हे काम उरकून टाकायची. आज तू अमुक, असं सांगितलं की मान डोलवायची आणि नेहमीसारखीच खेळायची. एर्मेस मात्र त्या माणसात शिरायचा. एकदा तो सबंध गुरुवार किंचित लंगडत खेळला. ज्याचं सोंग होतं त्याचा गुडघा दुखतोय, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. रविवारी तो माणूस गुडघा धरून अर्ध्या तासात मैदानाबाहेर गेला. तेव्हापासून एर्मेसचं नाव बहुरूपी पडलं.

त्या गुरुवारीही त्याने नाक पुसलं, मागे आला, चेंडू घेतला आणि पहिल्या संघाच्या ब्रुसेगानला बगल देऊन गेला. ब्रुसेगान म्हणजे वाल्ब्रेंताचा कप्तान, बचावातला खांब. थोड्या वेळाने नाक न पुसता पळाला, तेव्हा ब्रुसेगान पार मागेच राहिला.

"अरे हा खराच आलाय की काय!" ब्रुसेगान गवतावर बसून ओरडला. "बहुरूप्या, रविवारी तूच ये बाबा. त्याला म्हणावं, तू घरी बस."

पहिल्या संघाचे प्रशिक्षक टाळ्या वाजवत ब्रुसेगानकडे गेले आणि नाकाचं काय ते समजावू लागले. एर्मेसशी ते काही बोलले नाहीत. बोलायचं कारणही नव्हतं.

सराव संपल्यावर पेगोरारो त्याला कुंपणाकडे घेऊन गेले.

"रविवारी मारांगोन येतायत. रोक्काफेर्नाला."

"डायरेक्टर? आमची मॅच बघायला?"

"तुला बघायला."

एर्मेसने हातातली बंडी उगाच घडी घातली, मग परत उलगडली. उन्हाळ्यात त्याला तेवीस पूर्ण होत होती. दुसरी फळी म्हणजे पोरासोरांचा संघ. तेविशीनंतर तिथे राहू देत नाहीत. दोन-चार वयस्कर चालतात, पण त्या जागा गोलकीपर दोरियानोसारख्या मुरलेल्यांनी अडवलेल्या. म्हणजे एक तर पहिल्या संघात जायचं, नाही तर क्लबचं दार बाहेरून बघायचं. लहानपणापासून त्याने दुसऱ्या क्लबचा शर्ट अंगात घातला नव्हता, सोंगापुरता सोडून.

"मग मी काय करू, मिस्टर?"

"काय करू म्हणजे? खेळ. फक्त कुणाचं सोंग नको. त्यांना एर्मेस बोर्दिन्योन दाखव."

"तो कसा खेळतो?"

पेगोरारो हसले. एर्मेस हसत नाही असं पाहून थांबले आणि कानामागे खाजवू लागले.

"चांगला खेळतो," ते म्हणाले आणि कुणी हाक मारल्यासारखे तिथून निघून गेले.

दुसऱ्या कुणाची यावर झोप उडाली असती. एर्मेसला भीती वाटली नाही असं नाही, पण भीतीपेक्षा त्याला कुतूहल जास्त वाटलं. इतक्या लोकांच्या लकबी आपल्याला तोंडपाठ, मग आपली एखादी तरी असेल की. शुक्रवारी त्याने क्लबच्या व्हिडिओवाल्याकडून स्वतःच्याच क्लिपा मागून घेतल्या. व्हिडिओवाल्याला वाटलं, पोरगा शेफारला. जेवणाच्या खोलीत दोरियानोला शेजारी बसवून एर्मेस त्या बघू लागला. दोरियानो पस्तिशीचा, दुसऱ्या फळीचा आजोबा. समोर तेल-चीज घातलेला पास्ता, आणि तोंड कधी बंद नाही.

"हे वळण बघ," एर्मेस म्हणाला. "हे त्या सार्दिनियावाल्याचं."

"बरं."

"हा खांद्याचा धक्का त्या टकल्या अर्जेंटिनावाल्याचा."

"आणि हे पडणं? काय सुंदर पडलायस."

एर्मेसने क्लिप मागे नेऊन पुन्हा पाहिली.

"हे पण कुणाचं तरी आहे. तो नेपल्सचा, लांब केसांचा."

"घ्या! निदान पडतोस तरी स्वतःचा, असं मी धरून चाललो होतो," दोरियानो म्हणाला आणि त्याच्या ताटलीतली कोंबडीची फोड उचलून घेतली.

संध्याकाळी त्याने आईला फोन केला. चौकात तिचा कॉफीबार, मागे कपबश्यांचा खणखणाट.

"मम्मा, मी लहानपणी कसा खेळायचो?"

"घाण होऊन यायचास. का रे?"

"तसं नाही. खेळायचो कसा?"

"मला काय कळतंय त्यातलं! जिंकलास की दोन आइस्क्रीम मागायचास, हरलास की तीन. जेवलास का?"

शनिवारी बस किनाऱ्या-किनाऱ्याने खाली आली आणि मग टेकड्यांत शिरली. रोक्काफेर्ना हे टेकडीवर बसलेलं छोटं गाव. एर्मेसचा संघ खेळायचा त्या तिसऱ्या श्रेणीतल्या सगळ्याच गावांप्रमाणे इथेही दुसऱ्या फळीबद्दल भारी राग. मोठ्या क्लबने आपली पोरं आमच्या गावांशी खेळवून तयार करायची, म्हणजे आम्ही काय त्यांची तालीम आहोत का, असा सवाल. त्यांचं खोटं नव्हतं. हॉटेल गावाच्या टोकाला, चर्चच्या मैदानाला पाठ लावून उभं होतं. स्टेडियमचं गवत रविवारसाठी राखून ठेवलेलं, त्यामुळे गावचा संघ शनिवारचा सराव या चर्चच्या मैदानावर करायचा. ही गोष्ट हॉटेलमालकाच्या ध्यानात यायला हवी होती. पण त्याच्याकडे एरवी फरश्यांचे विक्रेते उतरत. त्यांना कुठली खोली दिली याने काय फरक पडतो!

एर्मेस पलंगावर बूट पुसत बसला होता. दोरियानो खिडकीशी.

"ए, इकडे ये. पडद्याआड राहा."

खाली रोक्काफेर्नाचा संघ खेळत होता. निम्म्यांच्या अंगात हिरव्या बंड्या. त्यांच्यातला गोलकीपर दोन्ही हात नाचवत सगळ्या जगावर खेकसत होता.

"हा काय वेडा आहे का?" दोरियानो म्हणाला. "शिव्या कुणाला घालतोय एवढ्या?"

एर्मेसने जरा वेळ पाहिलं आणि त्याला हसू आवरेना.

"म्हाताऱ्या, तो तू आहेस."

"हट्!"

"शप्पथ. हिरवे म्हणजे आपण. हे उद्याची तालीम करतायत. आता बघ, चेंडू आला की तो पुढे येईल. उशिरा."

चेंडू आला. गोलकीपर पुढे आला, उशिरा, आणि उशीर झाल्याबद्दल बचावपटूवर ओरडला.

"मी असलं काही करत नाही," दोरियानो म्हणाला. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "नेहमी करतो का रे?"

खरं तर तेव्हाच पडदा ओढून घ्यायला हवा होता. दुसऱ्याचा सराव चोरून बघणं बरं नव्हे, हे दोघांनाही कळत होतं. पण आपली सोंगं बघायला मिळत असताना खिडकीवरून कोण हलेल? आपला डावा बचावपटू त्यांना सापडला, चेंडू आला की दोनदा खाली बघणारा. मधला तो पास देऊन हात वर करणारा सापडला. एर्मेस काचेला नाक लावून नऊ नंबरच्या, म्हणजे स्वतःच्या जागी बघत होता. तिथे एक किडमिडीत पोरगा होता, आणि तो काहीच करत नव्हता. नुसता उभा.

"मी इतका वाईट आहे?" एर्मेस म्हणाला.

तेवढ्यात शिट्टी झाली. रोक्काफेर्नाचे प्रशिक्षक, तांबुर्रिनी, आपलं पोट सांभाळत मैदानात धावत आले. आवाज असा की चर्चची घंटाही लाजावी.

"नाही! नाही! तू चेंडू बघतोयस! तो चेंडू बघत नाही!"

"मग काय बघतो, मिस्टर?" किडमिडीत पोराने विचारलं.

"माणूस बघतो! सरक."

तांबुर्रिनी स्वतः त्याच्या जागी उभे राहिले. पाठीमागच्या बचावपटूकडे त्यांनी मान वाकडी केली आणि त्याचे पाय, कंबर, मग चेहरा असे न्याहाळू लागले, बाजारात बैल बघावा तसे. पोरं खिदळली.

"हसू नका. आठवडाभर मी या पोराला बघतोय. माझी बायको विचारते, हा एर्मेस कोण, ज्याच्यापुढे तुम्हाला मी दिसत नाही? ऐका. पहिला अर्धा तास हा काही करत नाही. लोक म्हणतात, झोपलाय. झोपलेला नसतो. तुला वाचत असतो. कुठल्या पायावर भार देतोस, कधी दम लागतो, कधी घाबरतोस. मग तू वळायच्या आधी त्याला कळतं, तू कुठे वळणार. पळण्यात तो साधाच, डोक्याने मारण्यात साधाच. पण असं बघणारा या श्रेणीत मी दुसरा पाहिलेला नाही."

"मग करायचं काय?" बचावपटूने विचारलं.

"वाचू द्यायचं नाही. त्याची मान अशी वळली की मी ओरडेन, बदल! लगेच तू बाजूला, दुसरा त्याच्यावर. बसू दे परत पहिल्या पानापासून."

खिडकीत एर्मेसने पडदा मुठीत घट्ट धरून ठेवला होता. त्याला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना, आणि त्या आनंदात थोडी शरमही मिसळलेली होती. सात जन्मांत न भेटलेला एक ढेरपोट्या माणूस आठवडाभर आपल्याकडे बघत होता, आणि आपल्या घरच्यांना जे सांगता आलं नाही ते त्याने शिट्टी वाजवून सगळ्या गावाला सांगितलं होतं.

"मिस्टरना सांगू या," दोरियानो म्हणाला. "उद्या काहीतरी बदल करतील."

"नको."

"अरे, डायरेक्टर येतोय! तुझ्या भाकरीचा प्रश्न आहे."

"मला बघायचंय," एर्मेस म्हणाला.

"काय बघायचंय?"

एर्मेस पुन्हा काचेला नाक लावून उभा राहिला. खाली तांबुर्रिनी किडमिडीत पोराची मान दोन्ही हातांनी धरून हवी तशी वळवत होते.

रविवारी स्टेडियम भरलं होतं. खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानात येताच डोक्यावरून शिट्ट्या सुरू झाल्या. "मोठ्यांचे बूट पुसले का रे?" एकाने विचारलं. "आया आल्यात का दूध घेऊन?" दुसऱ्याने. डायरेक्टर मारांगोन वर काळा चष्मा लावून बसले होते. शेजारची खुर्ची त्यांनी कोटासाठी धरली होती.

पहिला अर्धा एर्मेससाठी भयंकर गेला. तो बचावपटूकडे जरा बघतो न बघतो तोच कडेवरून गर्जना यायची, "बदल!", आणि त्या जागी दुसरा माणूस हजर. त्याचे पाय समजेपर्यंत तिसरा. एर्मेसला चेंडू मिळेना, मिळाला तर काय करावं सुचेना. काही कुणाचं करायचं नाही असं ठरवून आल्यामुळे सार्दिनियावाला आणि अर्जेंटिनावालाही मदतीला येईनात. मध्यंतराच्या थोडं आधी रोक्काफेर्नाने गोल केला आणि गावाने ढोल बडवले.

मध्यंतरात पेगोरारो त्याला ओरडले नाहीत. ते जास्त लागलं.

दुसऱ्या अर्ध्यात, दोरियानोच्या हातात चेंडू असताना एर्मेसला एकाएकी ते सुचलं. सुचलं म्हणजे, ती मान आठवली. त्याने आपल्या मागच्या बचावपटूकडे मान वळवली. नेहमीसारखी नव्हे. चांगली वाकडी, बैलबाजारातली. पाय बघितले, कंबर बघितली.

"बदल! बदल!" तांबुर्रिनी ओरडले.

मागचा निघाला, दुसरा यायला लागला. त्या दोघांच्या मध्ये, निमिषभर, एर्मेसवर कुणीच नव्हतं. दोरियानोने लाथ हाणली. म्हाताऱ्याला लांबवर दिसायचं कमी, पण ही मान त्याने ओळखली होती. एर्मेस पळाला, चेंडू एकदाच जमिनीवर आपटू दिला आणि गोलकीपरच्या पायांमधून जाळ्यात घातला.

एकाएकी गावाचा आवाज बंद झाला. कडेला तांबुर्रिनींनी टोपी जमिनीवर आपटली. ती उचलायला वाकले ते हसतच वर आले, पोट धरून.

एर्मेसने वर बघितलं. काळा चष्मा नव्हता. कोटही नव्हता.

सामना बरोबरीत सुटला. आंघोळी उरकून पोरं बसमध्ये चढत होती तेव्हा पेगोरारोंनी त्याला बाजूला घेतलं.

"गेले ते. मध्यंतरात. संध्याकाळी वरच्या संघाची मॅच आहे ना, गाठायची होती."

"म्हणजे गोल नाही बघितला."

"नाही." पेगोरारो किल्ल्यांशी चाळा करत होते. "पण ठेवतायत तुला. पहिल्या संघात. दोन वर्षांचा करार."

एर्मेसला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"आजचा पहिला अर्धा बघून?"

"त्यावरून नाही. म्हणाले, पोरगा गुरुवारचा आहे. असा गुरुवार आपल्याला दुसरा कुणी देणार नाही. ब्रुसेगाननेही तुझं नाव लावून धरलंय. त्या क्रोएशियावाल्याची त्याने धास्ती घेतली होती म्हणे, तू घालवलीस."

"आणि रविवारी?"

"रविवारी बसशील. कोटात, वर. जागा चांगली असते," पेगोरारो म्हणाले. त्यांना विनोद करायचा होता, तो काही साधला नाही. "हे बघ, वाईट नाही हे. पोरं जीव टाकतात अशा करारासाठी. उद्या सकाळपर्यंत हो म्हणून कळवायचंय."

"तुम्ही असता तर काय केलं असतं, मिस्टर?"

"मी तुझ्या वयाचा असताना मला कुणी गुरुवारसुद्धा दिला नव्हता," पेगोरारो म्हणाले आणि बसकडे वळले.

दोरियानो दाराच्या पायरीवर उभा होता.

"काय बहुरूप्या, वर जाणार म्हणे! आता आम्हाला ओळख द्याल ना साहेब?"

"आलो मी," एर्मेस म्हणाला आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून परत बोगद्यात शिरला.

यजमानांच्या खोलीचं दार उघडं होतं. खेळाडू घरी गेले होते. तांबुर्रिनी एकटेच मालिशच्या बाकावर पाय सोडून संत्रं सोलत बसले होते.

"आता काय पाहिजे? गोल तर घेतलास."

"काल आम्ही खिडकीतून बघितलं," एर्मेस म्हणाला. "तुमचा सगळा सराव. सांगायला आलो."

"ते मला आज कळलंच. तुझ्या मानेवरून."

"मानेवरून?"

"एवढी वाकडी मान तू करत नाहीस. ती माझी होती. बायको म्हणतेच, बाजारात गेलात की तुम्ही अशी करता म्हणून." त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "सुरेख उचललीस हं. मी पण फसलो."

एर्मेस दारातच उभा होता. पिशवीचा पट्टा त्याने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"मग माझी कशी असते?"

तांबुर्रिनींनी संत्रं बाजूला ठेवलं, हात पॅन्टला पुसले आणि बाकावरून खाली उतरले. उतरताना कण्हले. मग त्याच्याकडे खालून वर नीट बघितलं.

"दाखवतो. पण वेळ लागेल. नुसती मान दाखवून भागायचं नाही, सगळंच दाखवावं लागेल."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. मग पुन्हा, लांबलचक.

"तुमची बस थांबेल का?" तांबुर्रिनींनी विचारलं.

"नाही थांबणार," एर्मेस म्हणाला आणि त्याने दार आतून लावून घेतलं.